राजमतीच्या स्वयंपाकघराची भिंत

॥ श्री वीतरागाय नमः ॥
कोल्हापूर, १३ एप्रिल १९९७

ती. आण्णा,

धाकट्या बहिणीचा जय जिनेंद्र.

तुम्ही निवृत्त होऊन नेसरीला शेतात जाऊन बसलात आणि इकडं मला चार गोष्टी विचारायला माणूस उरला नाही. सम्मेदला विचारावं तर तो म्हणतो, "आई, तुला पायजे तसं कर की." एवढं बोलून चिरंजीव कारखान्यात. ह्यांना जाऊन चार वर्षं होतील, घराचं सगळं आता माझ्याच गळ्यात आहे.

गेल्या भाद्रपदात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. तरी पुन्हा लिहिते, कारण ते डोळ्यापुढून हलत नाही. मुनिमहाराज आहारासाठी आपल्या दारात थांबले. आमच्या घरी पहिल्यांदाच, आणि तेही ह्यांच्या माघारी. पण आमचं स्वयंपाकघर ते केवढं? महाराज उभे, समोर मी, आणि भोवती आहार द्यायला आलेली पंधरा-वीस माणसं. ओंजळीत तिसरा घास पडला असेल नसेल, मागून कुणाचं तरी कोपर लागलं आणि माझ्या हातातली दुधाची लोटी खाली पडली. भांडं पडलं म्हणजे अंतराय. महाराजांनी ओंजळ सोडली, खाली बसले आणि निघून गेले. ते दिवसाआड आहार घेतात. म्हणजे आदला दिवस उपास, तो दिवस उपास, दुसरा दिवस उपास, आणि पाण्याचा थेंबही नाही. माझ्या घरातून ते उपाशी गेले, आण्णा. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नाही.

ह्या चातुर्मासाला महाराज पुन्हा कोल्हापुरात आहेत असं बस्तीत दर्शनाला गेले तेव्हा कळलं. म्हणून आषाढाच्या आत स्वयंपाकघर नीट करून घेणार आहे. ओटा सरकवायचा, फरशी नवी, थोडी मोडतोड. आता विचारायचं ते हे, की स्वतःच्या घरातल्या स्वयंपाकघरालासुद्धा पालिकेची परवानगी लागते का? गल्लीतले एकजण म्हणाले लागते. तुम्ही तीस वर्षं परवानग्या देण्याच्या खात्यात ओव्हरसियर होता, तुमच्याइतकं कुणाला कळणार?

वरच्या मजल्यावरच्या तानाबाईंनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. त्यांचा नागसेन आता आजऱ्याच्या शाळेत मास्तर आहे, रविवारी येतो. सून निशा आणि नात इथंच असतात. "आण्णा येणार आसतील तर सांग, बिनलसणाचं तिखट करून ठेवतो," म्हणाल्या.

तुमची,
राजमती


नेसरी, १९ एप्रिल १९९७

चि. राजमतीस आशीर्वाद.

तुझा अर्ज मिळाला. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी लोक मला सोडत नाहीत, त्यात आता घरची माणसंही आली.

ओटा, फरशी, मोरी, नळ, गिलावा, रंग यांना परवानगी लागत नाही. उद्या सगळ्या घराला गुलाबी रंग दिलास तरी पालिका काही म्हणणार नाही, गल्ली म्हणेल.

पण "थोडी मोडतोड" म्हणजे काय? हे शब्द मी शेकडो अर्जांत वाचलेत आणि त्याखाली खिडकीपासून जिन्यापर्यंत काय वाटेल ते पाडलेलं पाहिलंय. स्वयंपाकघर आणि कोठीची खोली यांच्या मधल्या भिंतीवर तुझा डोळा असेल तर आत्ताच सांगतो. ती साडेचार इंची पडदी नाही, नऊ इंची भिंत आहे. भाऊजींनी घर बांधलं तेव्हा मी स्वतः उभा होतो. त्या घराला खांब नाहीत. तानाबाईंच्या स्वयंपाकघराची भिंत तुझ्या त्या भिंतीवर उभी आहे आणि त्यांची फरशीही तीच पेलते. तिला हात लावायचा तर नकाशा हवा, इंजिनिअरचा दाखला हवा, वरच्या मालकाची म्हणजे नागसेनची सही हवी. दोन महिने धर. आणि एवढं करून मी टेबलावर असतो तर नाहीच म्हणालो असतो.

नीट कळव.

नेमगोंडा


कोल्हापूर, २६ एप्रिल १९९७

ती. आण्णा,

जय जिनेंद्र.

मी भिंतीचं कुठं लिहिलं होतं? तुमचं आपलं काहीतरीच. जिथं तिथं तुम्हाला पडकी घरंच दिसतात.

दोन महिने म्हणजे आषाढ तोंडावर आला. आणि नाहीच म्हणणार असतील तर विचारायचं तरी कशाला? महाराज काही पालिकेच्या शिक्क्यासाठी थांबायचे नाहीत. पिराजी मिस्त्री परवा येऊन खोली बघून गेला. तो म्हणाला, "ताई, अशी कामं म्या पन्नास केल्यात. एक गर्डर टाकला की वर हत्ती नाचवा." मी म्हटलं, तसलं काही नको बाबा, आमचे आण्णा रागावतील.

तेव्हा ओटा आणि फरशी, एवढंच धरा. पण आण्णा, माझं एक काम करा. कामाला परवानगी लागत नाही असं एका कागदावर लिहून खाली तुमची सही आणि हुद्दा घाला. काम सुरू झालं की माल रस्त्यावर पडतो, कुणी ना कुणी विचारतंच. दाखवायला हाताशी असलं म्हणजे बरं. तुमच्या सहीला इथं अजून मान आहे.

ह्यांचं शेवटचं आजारपण चाललं होतं तेव्हा ते म्हणाले होते, "आपल्या घरात एकदा महाराजांचा आहार व्हायला पायजे हुता." मला दुसरं काही नको आहे. ह्या वेळी महाराजांनी माझ्या घरात पोटभर आहार घ्यावा, एवढंच.

तुमची,
राजमती


नेसरी, २ मे १९९७

चि. राजमतीस आशीर्वाद.

सोबत वेगळ्या कागदावर चिठ्ठी आहे. मजकूर असा:

"स्वयंपाकघरातील ओटा व फरशी बदलणे या वर्णन केलेल्या कामास बांधकाम परवानगीची आवश्यकता नाही. ने. बा. पाटील, ओव्हरसियर (निवृत्त)."

"वर्णन केलेल्या" हे शब्द मी मुद्दाम घातलेत. खात्यात एक पद्धत असते. जेवढं विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं आणि जे विचारलं नाही ते आपल्याला दिसलं नाही. तू ओटा आणि फरशी विचारलीस. मी तेवढंच लिहिलं.

बाकी काही मला कळवू नकोस.

भाऊजींची ती इच्छा मला ठाऊक आहे. तुझा चौका, महाराजांच्या आहाराचा सगळा घाट, या वेळी सुखरूप पार पडो.

नेमगोंडा


कोल्हापूर, २२ जून १९९७

ती. आण्णा,

जय जिनेंद्र.

काम झालं! स्वयंपाकघर आता इतकं मोकळं झालंय की ओळखू येत नाही. कोठीच्या खिडकीतला उजेड सरळ ओट्यावर येतो. पंचवीस माणसं आरामात उभी राहतील. पिराजीनं वर लोखंडी गर्डर टाकून गिलावा केलाय, बाहेरून काही दिसत नाही. तुम्ही कळवू नकोस म्हणालात, पण तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला?

एक गोष्ट मात्र विचारायची आहे. मंगळवारी निशा खाली आली. तिच्या ओट्याखालच्या फरशीला चीर गेलीय आणि मधलं दार लागत नाही म्हणाली. "मावशी, खाली काय काम चाललंवतं? काय पाडलं का?" मी देव्हाऱ्यातून तुमची चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. तिनं ती वर नेऊन सासूला वाचून दाखवली. तानाबाई जिन्यातूनच बोलल्या, "आण्णांनी लिवलंय न्हवं? मग झालं की. पावसाळ्यात लाकूड फुगतंय, दार अडकनारच."

चौदा वर्षं त्या वर राहतात, ह्यांच्या शेवटच्या दिवसांत तीन रात्री त्या माझ्या उशाशी बसल्या होत्या. त्यांच्या तोंडावर मी कागद धरला. पण आता काय करू? पिराजी म्हणतो चीर केसाएवढी आहे, नवं काम बसेपर्यंत असं होतंच. होतं ना, आण्णा?

राजमती


नेसरी, २८ जून १९९७

राजमती,

ओट्याला आणि फरशीला गर्डर लागत नाही.

आता हे पत्र वाचून खाली ठेवू नकोस, पिराजीकडं जा. गर्डरखाली चार लोखंडी टेकू लावून घे, दोन टोकांना आणि दोन मध्ये. खाली फळ्या घाल. आजच्या आज. निशाच्या फरशीवरची चीर तिरकी जाते की सरळ, ते बघ. तिच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं खुणा करायला सांग आणि आठवड्यानं वाढली का ते कळव.

चातुर्मास झाला की मी स्वतः येतो, ओळखीचा इंजिनिअर आणतो, जे करायचं ते रीतसर करू. लगेच आलो असतो, पण इथं रोपलागणीचे दिवस आहेत, माणसं मिळत नाहीत.

तोवर टेकू हलवायचे नाहीत. कुणासाठीही नाहीत.

नेमगोंडा


॥ श्री वीतरागाय नमः ॥
कोल्हापूर, २७ जुलै १९९७, रविवार

ती. आण्णा,

निरंतराय झाला! आत्ताच सगळी माणसं गेली, अंगातलं सोवळंसुद्धा उतरवलं नाही, तशीच लिहायला बसले.

सकाळी दारात कलश घेऊन उभी होते. तीन घरं ओलांडून महाराज आमच्या दारासमोर थांबले. मी प्रदक्षिणा घातली, मनशुद्धी वचनशुद्धी म्हटलं. आत आले. पाय धुतले. पहिल्या घासापासून शेवटच्या पाण्यापर्यंत कुठं काही झालं नाही. तीस माणसं होती. कुणाचा कुणाला धक्का नाही. मूगडाळीचं पाणी, भाकरी, दूध, डाळिंबाचे दाणे, सगळं घेतलं. शेवटी मोरपिसांची पिंछी वर करून मला आशीर्वाद दिला. मी मोठ्यानं रडले, आण्णा. सम्मेदही रडला. ह्यांचा फोटो बाहेरच्या खोलीत होता, जाऊन त्यांना सांगितलं, "झालं बघा."

वर तानाबाईंनी आज आमचं आटोपेपर्यंत नळसुद्धा सोडला नव्हता. नंतर खाली येऊन उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "जेवले का गं म्हाराज? प्वाटभर जेवले?" मी हो म्हटलं तर त्यांनीच हात जोडले.

टेकूंचं तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगते. महिनाभर लावले होते. पण मधले दोन बरोबर महाराज उभे राहणार तिथंच येत होते, आणि माणसांनी फिरायचं कसं? काल पिराजीकडून काढून घेतले, चारही. काही झालं नाही. पुढच्या आठवड्यात आर्यिका माताजींचा चौकाही माझ्याकडंच ठरलाय, तेवढा झाला की पुन्हा लावते. खुणा केल्या होत्या त्यांच्या बाहेर चीर थोडी आलीय, पण थोडीच.

आज मला कुणी काही बोलू नये.

तुमची,
राजमती


नेसरी, १ ऑगस्ट १९९७

राजमती,

तुझं पत्र आज मिळालं. टेकू लाव. माताजींना हात जोडून सांग की चौका होणार नाही. तानाबाईंना आणि निशाला सांग, स्वयंपाक पुढच्या खोलीत करा, मागं पाऊल टाकू नका. काय कारण सांगायचं ते सांग, नाहीतर खरं कारण सांग.

लागण बुधवारी आटपते. गुरुवारी येतो.

नेमगोंडा


कोल्हापूर, ४ ऑगस्ट १९९७

ती. मामा,

तुमचं १ तारखेचं पत्र आज सकाळी आलं. पोस्टमन ते ढिगाऱ्यावरून पुढं येऊन देऊन गेला.

काल रविवारी दुपारी चारच्या सुमाराला आपल्या स्वयंपाकघरावरचा स्लॅब आणि वरची भिंत खाली आली. आई त्या वेळी बस्तीत होती. मी बाहेरच्या खोलीत होतो. तानाबाई वर स्वयंपाकघरात होत्या, त्या स्लॅबबरोबर खाली आल्या. निशावहिनी गच्चीवर कपडे काढायला गेल्या होत्या आणि छोटी त्यांच्याबरोबर होती म्हणून वाचल्या. नागसेननं आणि मी हातांनी विटा काढल्या. फायर ब्रिगेड आली तोवर त्या गेल्या होत्या.

पोलीस पंचनामा करून गेले. तुम्ही आत्ता येऊ नका. तुमची चिठ्ठी निशावहिनींनी पाहिलेली आहे, तुम्ही इथं दिसलात तर तुम्हालाही चौकीत बसवतील. आई तेव्हापासून उपाशी आहे. पाणीही घेत नाही.

सम्मेद


कोल्हापूर, २० ऑगस्ट १९९७

ती. आण्णा,

आम्ही सध्या सम्मेदच्या मित्राच्या घरी आहोत. जेवते. तुम्ही काळजी करू नका. झोप लागत नाही, पण ती कुणाला लागणार?

तानाबाईंच्या मातीला मी गेले नाही. जायचं तोंड नव्हतं. नागसेन दुसऱ्या दिवशी आमच्याकडं आला होता, आण्णा. मला वाटलं मारायला आला. तो म्हणाला, "मावशी, तुमालाबी काय लागलं न्हाई न्हवं?" मी त्याच्याकडं बघू शकले नाही.

आता सांगते ते नीट वाचा. पिराजीनं पोलिसांना सांगितलंय की भिंत होतीच, मी फक्त ओटा आणि फरशी केली, भिंत स्लॅबबरोबर पडली. ढिगारा गर्डरसकट पिराजीच्याच माणसांनी उपसून नेला, त्यात कुठली वीट कुठली कुणाला कळणार? मग साहेबांनी विचारलं, स्लॅब कशानं पडला? तर तो म्हणाला, म्हातारी उखळात मिरच्या कांडत होती, त्या हादऱ्यानं. उखळ खरंच सापडलं, मिरच्यांसकट. सम्मेदनं त्यावर मान हलवली. मला विचारलं तेव्हा मी गप्प राहिले. मी खोटं बोलले नाही. गप्प राहिले.

चौकशीचा साहेब तुम्हालाही लिहील. तुमच्या चिठ्ठीत आहे तेवढंच सांगा. तुम्हाला तर मी ओटा आणि फरशीच विचारली होती. आणि माझी पत्रं जाळून टाका. सम्मेदची नोकरी जाईल, मला ह्या वयात तुरुंगात नेतील. तानाबाई आता परत येणार नाहीत, त्यांना काय फरक पडतो? मी असं लिहिते आहे हे मला कळतं. जाळा, आण्णा.

राजमती


नेसरी, ३० ऑगस्ट १९९७

राजमती,

चौकशी अधिकाऱ्यांचं पत्र आलं होतं. मी उत्तर दिलं: "मला ओटा व फरशीबाबत विचारणा झाली. त्यानुसार मी अभिप्राय दिला. प्रत्यक्ष काम मी पाहिलेले नाही." यातला एकही शब्द खोटा नाही.

पत्रं जाळली.

नेमगोंडा


आजरा, ५ ऑक्टोबर १९९७

आदरणीय नेमगोंडा आण्णा,

जय भीम.

नेसरी इथून लांब नाही, येऊन भेटता आलं असतं. पण समोर बसलो तर माझ्यानं बोलवणार नाही, म्हणून लिहितो. निशा आणि मुलगी आता माझ्याकडं आजऱ्याला आहेत. एका खोलीत आहोत, पण नीट आहोत.

चौकशीच्या अहवालाची नक्कल मला मिळाली. त्यात लिहिलंय, "वरच्या मजल्यावर उखळात केलेल्या कांडपाच्या हादऱ्यांमुळे जुना स्लॅब कोसळला असण्याची शक्यता आहे." खाली आईचं नाव आहे. तानाबाई असं नुसतं नाव, आणि पुढं वय.

ती त्या रविवारी कांडत होती हे खरं आहे. मीच सांगितलं होतं. मला सोमवारी पहाटेच्या गाडीनं आजऱ्याला जायचं होतं. बरोबर न्यायला तिखट हवं होतं. निशा गिरणीतून करून आणते म्हणाली, तर मी म्हटलं, "गिरणीच्या चटणीला चव न्हाई. आई, तूच दे की करून." तिचा गुडघा दुखत होता. ती म्हणाली, "देतो की रं. त्यात काय हाय?" आणि उखळ घेऊन बसली. मी पुढच्या खोलीत वह्या तपासत होतो. कांडल्याचा आवाज येत होता. तो थांबला आणि मग दुसरा आवाज आला.

राजमती मावशींवर माझा राग नाही. निशा म्हणते तुमची चिठ्ठी तिनं स्वतः वाचली होती. चिठ्ठीत ओटा आणि फरशी होती, आणि तुम्ही लिहिलंय म्हणजे तेवढंच झालं असणार. आई तुम्हाला फार मानायची. म्हणून तर आम्ही चीर बघूनही तिथं राहिलो.

मला नुकसानभरपाई नको, कोर्टही नको. माझी मुलगी विचारते, आजी कशानं गेली? मी सांगतो, घर जुनं होतं. पण रोज वर्गात फळ्याकडं तोंड करून उभा राहिलो की मला वाटतं, आईला मी मारलं. तिखट मला आता घशाखाली उतरत नाही.

तुम्ही तीस वर्षं घरं बघितलीत. मला एवढंच सांगा. एका म्हाताऱ्या बाईनं उखळात मिरच्या कांडल्या म्हणून घर पडतं का? होय किंवा नाही. तुम्ही होय म्हणालात तरी मी सोसेन. पण मला कळू द्या.

आपला,
नागसेन


नेसरी, ९ ऑक्टोबर १९९७

नागसेन,

नाही.

पडत नाही. नऊ इंची भिंतीवर टेकलेल्या स्लॅबवर शंभर बायकांनी बसून जन्मभर मिरच्या कांडल्या असत्या तरी पडला नसता. तो पडला, कारण त्याच्याखालची भिंत मे-जूनमध्ये काढून टाकली होती. तिच्या जागी एक गर्डर घातला होता. चीर गेली तेव्हा गर्डरखाली चार टेकू लावले. महाराजांच्या आहाराला अडचण होते म्हणून २६ जुलैला ते काढले आणि परत लावले नाहीत. तुमच्या आईनं त्या दिवशी कांडलं नसतं आणि ती नुसती चहा करायला उभी राहिली असती, तरी हेच झालं असतं. तुम्ही तिच्याकडं तिखट मागितलंत. मुलगा आईकडं मागतो तसं मागितलंत. ह्यापलीकडं तुमचा त्यात काही हात नाही.

चिठ्ठीबद्दल तुम्ही जे समजता ते चूक आहे. ती भिंत भार पेलते हे मला माहीत होतं, मी राजमतीला लिहिलंही होतं. तिनं चिठ्ठी मागितली त्याच दिवशी मी ओळखलं की ती भिंत पाडणार आहे. तरी चिठ्ठी दिली, आणि कुठलाही शब्द माझ्यावर उलटणार नाही अशी घडवून दिली. तीस वर्षं तेच केलं होतं. ती चिठ्ठी पुढं तुमच्या आईला दाखवली जाईल हे माझ्या मनात आलं नाही, कारण मी फक्त माझी सही सांभाळत होतो. चीर गेल्याचं मला २२ जूनच्या पत्रानं कळलं. एसटीनं तीन तासांत आलो असतो. आलो नाही. तुम्हाला एक ओळ लिहून घराबाहेर काढता आलं असतं. तेही केलं नाही. भात लावत बसलो.

चौकशीत मी जे लिहून दिलं त्यातला शब्दन् शब्द खरा होता, आणि त्याच्या आडोशानं तुमच्या आईचं नाव त्या अहवालात गेलं. माझ्यासाठी लसूण न घातलेलं तिखट वेगळ्या बरणीत काढून ठेवणारी बाई होती ती. मी तिच्यावर आळ येऊ दिला.

ह्या पाकिटात राजमतीची पाच पत्रं आहेत. भिंत, गर्डर, टेकू, सगळं तिच्या हातचं, तारखेसह. शेवटच्या पत्रात ती मला ही जाळायला सांगते आहे. जाळली असं मी तिला कळवलं, ते खोटं. माझ्या पत्रांच्या नकला मी ठेवत असतो, त्याही घातल्या आहेत. हे सगळं घेऊन पोलिसांकडं जा. पिराजीवर, तिच्यावर आणि माझ्यावर खटला होईल. व्हावा.

राजमती माझी पाठची बहीण. आमची आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती, शाळेत जाताना तिची वेणी मी घालत असे. तिनं हे पापबुद्धीनं केलं नाही, पण हे तुम्ही समजून घ्यावं असं मी म्हणत नाही. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. आधी सांगायला गेलो तर ती मला एकदा आण्णा म्हणेल, आणि हे पाकीट माझ्या पिशवीतच राहील. म्हणून आधी हे रजिस्टर करतो, पावती घेतो, आणि मग कोल्हापूरची गाडी धरतो.

नेमगोंडा बाळगोंडा पाटील